शॉवरचा पाइप भिंतीच्या आत गळतोय. फोडायचं कुठून?

भिंतीलाकान

मंडळी, मदत हवी आहे. आमचं न्हाणीघर आणि बेडरूम यांच्यामध्ये एकच भिंत आहे, बेडरूमच्या बाजूने तिला कपाट लागून आहे. महिन्यापूर्वी कपाटातल्या चादरींना कुबट वास यायला लागला म्हणून सगळं बाहेर काढलं, तर मागे तळहाताएवढी ओल. आता ती परातीएवढी झालीय आणि रंगाचे पोपडे सुटायला लागलेत.

घर बारा वर्षांचं. विटांची भिंत, सगळे पाइप भिंतीत. गीझरपाशी जेवढं दिसतं त्यावरून पिवळट सीपीव्हीसी (गरम पाणी चालणारं प्लास्टिक) आहे. शॉवरच्या खाली कन्सील्ड डायव्हर्टर (भिंतीत बसवलेला, पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा कॉक).

तीन प्लंबर येऊन गेले. पहिल्याने बोटाने भिंत वाजवली आणि म्हणाला, लाइन गेली, अख्खी भिंत फोडून नवीन टाकू. दुसरा म्हणाला डायव्हर्टर बदला. तिसरा म्हणाला आतली लाइन मारून टाका, वरून पाइप घ्या. तिघांपैकी एकानेही शॉवर चालू करून बघितला नाही.

या डिझाइनच्या टाइल्स आता मिळत नाहीत आणि घरात एकही शिल्लक नाही. तर फोडायचं कुठून, आणि न फोडता काही कळतं का?

रिकामटेकडा

तीन प्लंबर, तीन निदानं. चौथा बोलवा, म्हणजे बरोबरी तरी सुटेल.

पाना१२

छिन्नी लावायच्या आधी गळणारं पाणी कुठलं ते ठरवा. न्हाणीघराच्या भिंतीत तीन तऱ्हेचं पाणी असतं.

एक, कॉकच्या आधीचं. ते रात्रंदिवस दाबाखाली असतं. तिथे गळती असेल तर तुम्ही गावाला गेलात तरी ओल वाढत राहते.

दुसरं, कॉकच्या नंतरचं. डायव्हर्टरपासून शॉवरपर्यंत वर जाणारा जो उभा तुकडा आहे, त्यात फक्त शॉवर चालू असताना पाणी असतं. त्याच्या टोकाला एल्बो (काटकोनात वळणारा जोड) आणि एल्बोत शॉवरचा आर्म (भिंतीबाहेर येणारी नळी).

तिसरं, अंगावरून पडून गेलेलं. ते टाइलच्या सांध्यांतून, फ्लॅन्जच्या (आर्मभोवती भिंतीवर बसणाऱ्या वाटीच्या) मागून किंवा खाली नहाणी ट्रॅपच्या (मोरीच्या जाळीखालच्या भांड्याच्या) कडेने आत शिरतं. यात पाइपचा काहीच दोष नसतो, पण शिव्या त्यालाच बसतात.

पहिल्याची परीक्षा सोपी. रात्री घरातले सगळे नळ बंद करा आणि मीटरवरचं छोटं लाल चक्र बघा. ते हललं तर दाबाची लाइन गळतेय. मीटर नसेल तर टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीला खूण करा, सकाळी बघा. (संडासाचा फ्लश गळत नाही ना तेही बघा, नाहीतर उगाच भिंतीवर आळ येईल.) दाबाची लाइन निघाली तर गीझरचं बटण बंद करून त्याच्या आधीचा कॉक बंद करायचा, गरम नळ एकदा उघडून दाब सोडायचा आणि परत मोजायचं. गळती थांबली तर गरम लाइन, नाही थांबली तर गार.

दुसऱ्या-तिसऱ्यासाठी चार दिवस शॉवर बंद ठेवा, खालच्या नळाखाली बादली लावून आंघोळ करा. मग सांगा.

किरकिरी

> चार दिवस शॉवर बंद ठेवा

हे असंच करत बसलो होतो आम्ही. आज ही परीक्षा, उद्या ती. चार महिन्यांनी गिलावा पलंगाच्या उशाशी उतरला. मिस्त्री बोलवा, फोडा, बघा. भिंतीच्या आत काय आहे ते भिंत फोडल्यावरच दिसतं.

नळदमयंती

किरकिरी, तुम्ही म्हणता तेच मी केलं होतं! आमच्याकडे ओल दिसल्यावर सरळ शॉवरखालच्या सात टाइल्स फोडल्या. आत पाइप ठणठणीत. एल्बो ठणठणीत. डायव्हर्टरसुद्धा. मिस्त्री माझ्याकडे बघतोय, मी मिस्त्रीकडे.

शेवटी दोष निघाला त्या चकचकीत फ्लॅन्जचा. शॉवरचा आर्म भिंतीतून जिथे बाहेर येतो तिथे टाइलला पाडलेलं भोक चांगलं लिंबाएवढं होतं आणि त्यावर नुसती ती वाटी सरकवून ठेवलेली. शॉवरच्या डोक्यापाशी एक बारीक गळती होती, ते पाणी आर्मवरून उलटं ओघळत भिंतीकडे यायचं आणि वाटीच्या मागे जायचं. आर्म किंचित भिंतीकडे उतरता बसवला होता ना! दोन वर्षं भिंत घोट घोट पीत होती.

सात टाइल्स फुकट गेल्या. आता तिथे सात वेगळ्या रंगाच्या आहेत आणि पाहुण्यांना मी "डिझाइन आहे" म्हणून सांगते.

रिकामटेकडा

नळदमयंती या आयडीला या धाग्यावर बोलायचा पहिला मान होता. उशीर झाला.

नळदमयंती

नळानेच सोडलं होतं अर्ध्या वाटेत, काय करणार.

सुतळी

आमच्याकडेही हाच प्रकार, फक्त फ्लॅन्जऐवजी डायव्हर्टरची प्लेट. मागचा रबर कडक होऊन तडकला होता. रबर बदलला, काम झालं. धाग्यावरचा सगळ्यात कंटाळवाणा प्रतिसाद माझा असेल, पण बऱ्याचदा उत्तर असंच असतं.

मिस्त्रीबुवा

नमस्कार. पाना१२ यांनी क्रम बरोबर सांगितला आहे. मी या कामात बरीच वर्षं आहे, त्यात थोडी भर घालतो.

तुम्हाला बेडरूमची बाजू मोकळी मिळते आहे, हे मोठं भाग्य समजा. टाइलच्या बाजूला हातच लावू नका. टाइल फोडली की एक टाइल फुटत नाही, शेजारच्या दोन हलतात, आणि त्याहून वाईट म्हणजे मागचा वॉटरप्रूफिंगचा थर फाटतो. तो परत नीट जोडणारे हात थोडे. बेडरूमकडून फोडलं तर गिलावा आणि रंग, एवढाच खर्च.

मोजमाप असं घ्या. दाराची चौकट किंवा खिडकी असं काहीतरी दोन्ही खोल्यांना सामाईक धरा. तिथून शॉवरच्या भोकाचं अंतर आणि उंची न्हाणीघरात मोजा, मग बेडरूमच्या भिंतीवर उलटवून खूण करा. उलटवायला विसरणारे लोक मी पाहिले आहेत. उंची मोजताना न्हाणीघराची फरशी बेडरूमपेक्षा खाली असते, तो फरक धरा. भिंत चार इंची असेल तर पाइप हाताशीच येतो. नऊ इंची असेल तर पुढची वीट काढून आत जावं लागेल.

आणि गीझरची वायर याच भिंतीतून गेली असणार. बटण बंद करून चालत नाही, मेन बंद करा. ग्राइंडर वापरलात तर तोंडाला चांगला मास्क लावा. विटा-सिमेंटची ती बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

किरकिरी

मिस्त्रीबुवा, तिसरा प्लंबर म्हणाला ते का नको? आतली लाइन मारून टाका, वरून पाइप घ्या. आमच्याकडे शेवटी तेच केलं. दिसायला बरं नाही दिसत, पण गळलं तर डोळ्यांना दिसतं. पाइप भिंतीत पुरायची कल्पना ज्याच्या डोक्यातून आली त्याला रोज त्या भिंतीला टेकून झोपायला लावलं पाहिजे.

मिस्त्रीबुवा

वाईट नाही हो. जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन असती तर मीही तेच सांगितलं असतं. जीआय पाइपला आटे पाडताना वरचा जस्ताचा थर कापला जातो आणि पाइपची जाडीही तिथेच सगळ्यात कमी होते, म्हणून गंज सांध्यापासून सुरू होतो. एक सांधा गेला की दुसरा मागोमाग येतो. तिथे एकेक जागा फोडून दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. पण सीपीव्हीसी गंजत नाही. बारा वर्षांच्या सीपीव्हीसीत दोष असला तर बहुतेक एका जागी असतो. एका एल्बोसाठी अख्खी लाइन कशाला मारायची?

भिंतीलाकान

सगळ्यांचे आभार. हिशोब देतो.

मीटरचं लाल चक्र रात्रभर जागच्या जागी. म्हणजे दाबाची लाइन निर्दोष सुटली. चार दिवस शॉवर बंद ठेवला, ओलीची वरची कड किंचित फिकट झाल्यासारखी वाटतेय. बायको म्हणते तसं काही नाही, तुला वाटतंय.

आणि एक कबुली. दोन महिन्यांपूर्वी शॉवरचा आर्म मीच बदलला होता. जुना गंजला होता. तेव्हा आट्यांवर टेफ्लॉनच्या फितीचे भरपूर वेढे घातले होते आणि शेवटी आर्म सरळ खाली येईना म्हणून पान्ह्याने अजून अर्धा फेरा दिला होता.

रिकामटेकडा

चौथा प्लंबर सापडला.

पाना१२

भरपूर म्हणजे किती?

भिंतीलाकान

पंधरा-वीस असतील. जेवढे जास्त तेवढं चांगलं असं वाटलं.

पाना१२

अरे देवा.

बरं. आता एल्बो आणि फ्लॅन्ज यांतला फरक काढायचा आहे, कारण दोन्हींची ओल तिथेच दिसते. फ्लॅन्ज पुढे ओढून आर्मवर सरकवा, भिंतीतलं भोक उघडं करा. शॉवरच्या डोक्याला जाड प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा, पिशवीचं खालचं टोक कापून बादलीत सोडा. म्हणजे भिंतीवर एक थेंबही उडणार नाही. आता शॉवर दहा मिनिटं चालू ठेवा आणि मोबाइलचा उजेड भोकात टाका. आत ओलं झालं तर एल्बो किंवा वरचा पाइप. कोरडं राहिलं तर पाणी बाहेरून जातंय, सिलिकॉनवर भागेल.

उघड्या शॉवरच्या पाइपात दाब फार नसतो, त्यामुळे बारीक चीर असेल तर दहा मिनिटांत दिसणार नाही. मग शॉवरचं डोकं काढून आर्मच्या तोंडाला डमी प्लग (आट्यांचं बूच) लावा आणि कॉक उघडा. आता त्या उभ्या तुकड्यावर टाकीचा पूर्ण दाब येईल. टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा ५ मीटर उंच असेल तर साधारण अर्धा बार. पंप असेल तर बराच जास्त. चीर लपून राहणार नाही. अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका, भिंतीला उगाच पाणी पाजायचं नाहीये.

उंटावरचा

एवढी यातायात कशाला? फ्लॅन्ज काढलीच आहे तर त्या भोकातून आत सिलिकॉनची नळी रिकामी करा. किंवा इपॉक्सी. माझ्या मित्राने केलं होतं.

मिस्त्रीबुवा

मित्राला वर्षभराने विचारा. ओल्या पाइपवर सिलिकॉन धरत नाही, आणि दाबाच्या पाण्याला बाहेरून लावलेला थर उचलायला वेळ लागत नाही. शिवाय पुढे तो एल्बो काढणाऱ्याला आधी तुमचं सिलिकॉन खरवडावं लागतं. ते काम मी केलं आहे. तेव्हा तुमच्या मित्राचंच नाव मनात घेतलं होतं बहुतेक.

सुतळी

टेफ्लॉनचा विषय निघालाच आहे तर माझी एक शंका. अर्धा इंची आर्म म्हणतात, पण आट्यांवर कॅलिपर लावला तर २१ मिमी भरतो. अर्धा इंच म्हणजे १२.७. हा काय घोळ आहे?

पाना१२

जुन्या लोखंडी पाइपांचा वारसा आहे. अर्धा इंच हे नाव आतल्या भोकावरून पडलं, आटे बाहेरून पाडले जातात. पुढे पाइपच्या भिंती पातळ झाल्या, भोक मोठं झालं, नाव तेच राहिलं.

आणखी एक गंमत. अर्धा इंचात दोन जाती फिरतात, बीएसपी (ब्रिटिश पद्धत) आणि एनपीटी (अमेरिकन पद्धत). दोन्हींना इंचाला १४ आटे. त्यामुळे एकाचा आर्म दुसऱ्याच्या एल्बोत दोन-तीन फेरे मस्त जातो आणि मग अडतो, कारण आट्याचा कोन वेगळा, ५५ अंश आणि ६०. लोकांना वाटतं टेफ्लॉन कमी पडलं. दुसरीकडून मागवलेला शॉवर बसवताना हे बघून घ्या.

टेफ्लॉनचा शोध अपघाताने लागला, १९३८ साली. रॉय प्लंकेट नावाचा रसायनशास्त्रज्ञ फ्रिजच्या वायूवर काम करत होता. एक नळकांडं रिकामं वाटलं पण वजन भरत होतं, कापून बघितलं तर आत पांढरी गुळगुळीत पूड. ते नळकांडं त्याने फोडून बघितलं म्हणून आज आपल्या शॉवरला फीत मिळते.

किरकिरी

बघा! फोडलं म्हणून कळलं. मी काय म्हणत होतो?

पाना१२

आधी वजन केलं होतं, किरकिरीशेठ.

जुनीचावी

टेफ्लॉन यायच्या आधीचा माणूस बोलतोय. आम्ही आट्यांवर सुताचा धागा गुंडाळायचो आणि वरून सफेदा (पांढरा तेलकट लेप). लोखंडाला ते उत्तम. पण प्लास्टिकच्या आट्यांना तेलकट काहीही लावू नये, काही तेलांनी सीपीव्हीसीला बारीक तडे जातात. टेफ्लॉन तिथे ठीक. वेढे पाच-सहा पुरतात, आणि आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने घालायचे. उलटे घातले तर बसवताना फीत सुटून गोळा होते.

भिंतीलाकान

पिशवीची परीक्षा केली. सातव्या मिनिटाला भोकाच्या तळाशी चकाकायला लागलं. बोट घातलं तर ओलं. फ्लॅन्ज निर्दोष सुटली. डमी लावल्यावर तर आयडी सार्थ झाला, बेडरूमच्या भिंतीला कान लावला आणि आत बारीक फुसफूस ऐकू आली.

शनिवारी फोडतोय. कपाटाची मागची फळी काढून ठेवली आहे. पहिला प्लंबर अख्खी भिंत म्हणाला होता, त्याला बोलावणार नाही. तिसरा तयार आहे.

नळदमयंती

भोक मोठं करा हो. माझ्या मिस्त्रीने पहिल्यांदा काटकसर केली, हात आत जाईना, मग तिरका हात घालून जोड लावला आणि तो तिरकाच लागला. करवत चालवायला जागा हवी. एक वीत बाय दीड वीत तरी.

मिस्त्रीबुवा

बरोबर. आणि एल्बो बदलताना आत पितळी आटे असलेला घ्या. बाजारात तसाच दिसणारा, पण आटेही प्लास्टिकचेच असा एल्बो मिळतो. धातूचा आर्म प्लास्टिकच्या आट्यांत फिरवला की तो पाचरीसारखं काम करतो. वीस वेढ्यांनी पाचर अजून जाड होते. लगेच फुटत नाही. ताण राहतो, रोज गरम-गार होतं आणि दोन महिन्यांनी केसाएवढी चीर जाते.

गरम-गारचं किती म्हणाल, तर सीपीव्हीसीचा ३ मीटरचा मोकळा पाइप ४० अंशांनी तापवला तर साधारण ७ मिमी वाढतो. सिमेंटमध्ये घट्ट दाबलेला असला की वाढता येत नाही, तो ताण सांध्यांवर जातो. म्हणून परत बुजवताना एल्बो पक्का धरा, आर्मचा जोर त्याच्यावर येतो. उभा पाइप मात्र फोमच्या नळीत घालून सोडा.

भिंतीलाकान

झालं! फोटो चढत नाहीये म्हणून लिहून सांगतो.

पहिल्या विटेमागेच पाइप. एल्बो हातात आल्यावर काहीच दिसेना. प्लंबर म्हणाला, नखाने बघा. नख फिरवलं तर आट्यांच्या बाजूला एका जागी अडकतं. थोडं दाबल्यावर चीर उघडली, एल्बोच्या कडेपासून गळ्यापर्यंत. आटे प्लास्टिकचे. वीस वेढ्यांचा पुरावा आत गोळा होऊन बसला होता. बायकोने तो एल्बो फेकू दिला नाही, देव्हाऱ्यात ठेवेन म्हणते.

पाइप कापायला फार त्रास झाला. वरून थेंब थेंब येतच होते आणि ओल्या पाइपवर सोल्यूशन (पाइप जोडायचा चिकट द्रव) लावायचं नाही असा प्लंबरचा आग्रह. हा माणूस पहिल्या भेटीत न बघता बोलला होता, पण काम त्याने जीव लावून केलं. उभ्या पाइपात राहिलेलं पाणी आधी नळीने ओढून काढलं, फडक्याने पुसलं, मग कड घासली, आधी कोरडंच बसवून बघितलं आणि नंतर सोल्यूशन लावून पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट धरून ठेवलं. आता भोक उघडंच आहे. लगेच बुजवू का?

पाना१२

नाही! सोल्यूशनच्या डब्यावर वाळायचा जो वेळ लिहिला आहे तो पूर्ण द्या, दमट जागी त्याच्या दुप्पट. मग डमी लावून दाब द्या. हातपंपाची टेस्टिंगची पेटी प्लंबरकडे असते, पाणी भरून, हवा काढून दाब चढवा आणि काटा बघा. काटा तासभर हलला नाही तरी दोन दिवस रोजच्यासारखा शॉवर वापरा आणि एल्बोखाली टिपकागद ठेवा. कागद खोटं बोलत नाही.

उंटावरचा

पाण्याऐवजी टायरमध्ये हवा भरायच्या पंपाने हवा भरली तर? भिंत ओली व्हायची भीती नाही.

मिस्त्रीबुवा

कृपा करून नको. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जोड सुटला तर थोडं पाणी उडतं आणि दाब तिथेच संपतो. हवा दाबली जाते, स्प्रिंगसारखी. प्लास्टिकचा जोड हवेने फुटला तर तुकडे उडतात.

रिकामटेकडा

उंटावरचा, तुमचा आयडी बदलू नका.

भिंतीलाकान

घाबरून लिहितोय. कागद दोन्ही दिवस कोरडा. पण बेडरूमची ओल वाढली आहे! कालपर्यंत परात होती, आज खालून अजून चार बोटं उतरली आहे. दुसरी गळती आहे का?

किरकिरी

मी सांगितलं होतं. वरून पाइप.

पाना१२

थांबा. दोन महिने त्या विटा पाणी पीत होत्या. आता भोक पाडल्यावर हवा लागली आणि आतलं पाणी बाहेरच्या पृष्ठभागाकडे यायला लागलं. शिवाय पाइप कापताना त्यात साठलेलं पाणी विटांवरच सांडलं असणार. किती पाणी असेल याचा अंदाज घ्या. नुसता सेकंदाला एक थेंब धरला आणि २० थेंबांचा १ मिली, तर दिवसाला ४ लिटरच्या वर जातं. तुमचं रोज थोडाच वेळ गळत होतं, पण साठ दिवस.

पेन्सिल घ्या. ओलीच्या कडेने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. चार दिवसांनी परत. रेघेच्या बाहेर गेली तर बोलू. आत आली तर महिना-दीड महिना भिंतीला एकटी सोडा. पंखा लावा, हीटर नको. पांढरी खारट भुकटी येईल, ती कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. आणि रंगाचं नावही काढू नका, ओल्या भिंतीवर रंग म्हणजे परत पोपडे.

नळदमयंती

पेन्सिलच्या रेघा आमच्या भिंतीवर अजून आहेत. समुद्राच्या नकाशासारख्या दिसतात. मुलगा त्यांना बेटं म्हणतो.

शंखनाद

नमस्कार, धागा वाचून खातं उघडलं. माझा प्रश्न शेजारचा आहे. शॉवरचा आर्म आतून गंजून मोडला. अर्धा हातात आला आणि आट्यांचा तुकडा भिंतीतल्या एल्बोत राहिला. बाहेरून पकडायला काहीच नाही. यालाही भिंत फोडावी लागेल का?

मिस्त्रीबुवा

बहुतेक नाही. तुटका तुकडा काढायचा एक्स्ट्रॅक्टर मिळतो, उलट्या आट्यांचा, निमुळता. तो तुकड्याच्या भोकात ठोकून उलटा फिरवायचा. नसेल तर हॅक्सॉचं (लोखंड कापायच्या करवतीचं) पान फडक्यात गुंडाळून हातात धरा आणि तुकड्याला आतून दोन चिरा द्या, शेजारी शेजारी. चिरा तुकड्यापुरत्याच. एल्बोच्या आट्यांना पान लागलं की मग खरोखर भिंत फोडायची. दोन चिरांमधली पट्टी छोट्या छिन्नीने आत वाकवा, तुकडा सैल होऊन फिरेल. घाई करू नका. आणि फिरवताना आत एल्बो हलतोय का बघा. तो सिमेंटमध्ये पक्का नसेल तर तुकड्याबरोबर तोच फिरेल.

भिंतीलाकान

तीन आठवडे झाले. पेन्सिलच्या चार रेघा, प्रत्येक आधीच्या आत. सगळ्यात आतली आता तळहाताएवढी. बायकोनेही मान्य केलं.

भोक मात्र बुजवणार नाही असं ठरलं. गिलाव्याच्या कडा सरळ करून लाकडी चौकट बसवली आणि कपाटाच्या आतून लोहचुंबकावर बसणारं झाकण केलं. चादरी ठेवल्या की दिसतही नाही. पाइपचा फोटो मोजपट्टी शेजारी धरून काढला, त्याची प्रत झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली. न्हाणीघरात फ्लॅन्जला सिलिकॉन लावलं.

जुनीचावी

सिलिकॉन पूर्ण गोल लावलं का?

भिंतीलाकान

हो. का?

जुनीचावी

खालची बोटभर कड मोकळी ठेवायची. वरून आणि बाजूंनी पाणी आत जाऊ नये, पण आत कधी गळलंच तर बाहेर ओघळून दिसलं पाहिजे. पूर्ण गोल लावलं तर ते पाणी परत बेडरूमकडेच जाईल.

पाना१२

हे मला मान्य नाही. त्या मोकळ्या कडेतून वाफ आणि उडालेलं पाणी आत जातंच. त्यांच्याकडे आता मागे झाकण आहे, महिन्यातून एकदा उघडून बघतील.

जुनीचावी

महिन्यातून एकदा कुणी उघडत नाही हो. पहिले दोन महिने उघडतात.

किरकिरी

या एका बाबतीत जुनीचावींशी सहमत. तारीख लिहून ठेवा, मी पहिल्यांदा कुणाशी तरी सहमत झालो.

भिंतीलाकान

खालून ब्लेडने कापून टाकलं. झाकणही उघडत राहीन.

शंखनाद

मिस्त्रीबुवा, चिरा दिल्या, पट्टी वाकवली, तुकडा छान फिरायला लागला. मग लक्षात आलं की एल्बोच फिरतोय. आतून काहीतरी कट्कन वाजलं. नवीन धागा काढू का इथेच लिहू?

मिस्त्रीबुवा

इथेच लिहा. पण आधी जाऊन मेन कॉक बंद करा.